ठाणेदाराचा फोटो आणि बाबांची बनियान

प्रेरणा पटलेने वर्गात स्वतःहून हात वर केला, तो सोमवार होता. आठवीपर्यंत हा हात हजेरीला आणि पाणी प्यायला जायचं असलं तरच वर जायचा, तोही कोपरापर्यंतच. नववीत आल्यावर त्याला काय झालं कोण जाणे, हल्ली मॅडमचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच तो पंख्याकडे निघालेला असायचा.

निर्मला मॅडम प्राण्यांचे निवारे शिकवत होत्या. "पक्षी खोपा करतात, उंदीर बिळं खणतात, मासे मात्र बिचारे..."

"मॅडम, मासेपण घर बांधतात! आमच्या ठाणेदारानं बांधलं आहे. फेसाचं!"

सगळा वर्ग हसला. त्यांचाही दोष नाही. ठाणेदार म्हणजे कोण, हे प्रेरणाच्या घराबाहेर कोणाला माहीत असणार? ठाणेदार म्हणजे प्रेरणाच्या काचेच्या टाकीतला मासा. बोटाएवढा, चपटा, अंगावर निळे-नारिंगी तिरपे पट्टे. केशोरीच्या खेमराज मामाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतातल्या पाण्यात, तो आणि त्याची बायको सापडली होती, आणि मामाने दोघांना पाण्याच्या बाटलीतून तिरोड्याला आणून सोडलं होतं. टाकीत आल्या दिवसापासून तो कोपऱ्याकोपऱ्याने गस्त घालायचा, म्हणून ठाणेदार. आणि आता या पावसाळ्यात त्याने तोंडाने बुडबुडे सोडून सोडून पाण्यावर वाटीएवढा फेस जमवला होता, आणि त्या फेसाखाली तो छाती काढून उभा असायचा.

"मॅडम, टाकी घासून साबण धुतला नसेल हिनं," प्रिया म्हणाली. ही प्रिया म्हणजे ज्वालामुखीवाली. सहावीपासून दर वर्षी विज्ञान प्रदर्शनात तिचा तोच ज्वालामुखी असतो. खायचा सोडा टाकला की फसफसतो. दर वर्षी फक्त रंग बदलतो.

निर्मला मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, "प्रेरणा, विज्ञानात 'मी पाहिलं' एवढ्यावर भागत नाही. दाखवावं लागतं. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी शनिवारी मला एकच नाव पाठवायचं आहे. त्याआधी फोटो आण. त्यात मासा दिसला पाहिजे, घर दिसलं पाहिजे आणि घर त्याचंच आहे हेही दिसलं पाहिजे. आणलास, तर तू जाशील."

"आणि नाही आणला तर?" प्रियाने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

त्या संध्याकाळी बाबा दुकानातून आले, हातपाय धुऊन नेहमीच्या वेशात, म्हणजे पांढरी बनियान आणि काळी लुंगी, सोफ्यावर बसले. हेमेंद्र पटले यांचं तिरोड्यात कृषी केंद्र आहे. दिवसभर लोकांना खत, बियाणं आणि सल्ला देतात. पहिल्या दोन गोष्टी विकत, तिसरी फुकट. प्रेरणाने सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "हात्तिच्या! यात काय आहे? माझ्या मोबाइलमध्ये केवढा मोठा कॅमेरा आहे. आण इकडे."

बाबांनी एकवीस फोटो काढले. एकविसांतही बाबा होते. काचेत बनियान, बनियानीच्या वर हनुवटी, खाली पोट, आणि पोटाच्या पलीकडे कुठेतरी धुक्यात हरवल्यासारखा ठाणेदार. फ्लॅश लावला तेव्हा काचेत सूर्य उगवला आणि ठाणेदार दगडामागे जाऊन बसला.

"फोटो माझा चांगला आला आहे," बाबा म्हणाले.

"बाबा! मॅडमनी तुम्हाला नाही बोलावलं प्रदर्शनात!"

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या शालीकराम काकांचं डोकं वर आलं. काका वीज खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण सल्ला देण्यातून त्यांना कोणी निवृत्त केलेलं नाही. कोणत्याही घरात कोणतीही वस्तू यायची असली की काकांना आधी वास येतो. "हेमेंद्र, मोबाइलनं नाई होत गा हे काम. मासोरी पान्यात राहते, त कॅमेराई पान्यात जानारा पायजे. कायले बाहेरून तडफडून राहिला तू?"

बाबांना हे पटलं. बाबांना काकांचं पहिलं वाक्य नेहमीच पटतं. दुसऱ्या वाक्यापर्यंत उशीर झालेला असतो.

मंगळवारी शाळा सुटल्यावर बापलेक गाडीने गोंदियाला गेले. बाबांनी स्टेशनावरच जाहीर केलं, "पाच हजारांच्या वर एक रुपया नाही." हे त्यांनी दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा म्हणताना आवाज थोडा कमी पडला होता.

दुकानदाराने मोठ्या प्रेमाने एक काळाकुळकुळीत कॅमेरा काउंटरवर ठेवला. "ये लीजिए बेटा. इसमें मछली का पसीना भी दिखेगा."

बाबांनी किंमत विचारली. मग झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा तो कॅमेरा दोन्ही हातांनी परत खाली ठेवला.

"और ये सिर्फ बॉडी का दाम है भैया. लेन्स अलग से."

"अंग वेगळं आणि डोळा वेगळा?" बाबांचा चेहरा लाल झाला. "आम्ही बैल घेतो तर डोळे अलग से घेतो का?"

पाण्यात जाणाऱ्या कॅमेऱ्याची किंमत ऐकल्यावर बाबा पाण्यात न जाताच थंड झाले. प्रेरणाने हळूच विचारलं, "भैया, सेकंड हँड नहीं है क्या?" दुकानदार भला होता. म्हणाला, माझ्याकडे नाही, पण बिरसीच्या विमानतळावर विमान उडवायला शिकायला आलेला एक मुलगा आहे, त्याचं शिक्षण संपलं, तो घरी निघालाय आणि छोटा कॅमेरा विकतोय. त्याने नंबरही लिहून दिला.

आता मासोळीचा फोटो काढण्यासाठी पायलटला भेटायचं, हे बाबांना थोडं जास्तच वाटलं. पण बुधवारी दुपारी ते प्रेरणाला स्कूटरवर घेऊन निघाले. वाटेत दोन्ही बाजूंना धानाची रोवणी चालली होती, आणि रोवणीच्या दिवसांत खताचं दुकान बंद ठेवून खतवाला कुठे निघाला आहे, हे बांधीत वाकलेली माणसं कंबर सरळ करून पाहत होती. दोघांनी हाक मारून विचारलंही. बाबांनी "काम आहे, काम आहे" म्हणत ॲक्सिलेटर पिळला.

विमान शिकणारी मुलं राहायची त्या वसतिगृहाच्या फाटकावर पहारेकरी होता, आणि त्याच्याकडे रजिस्टर होतं. नाव, गाव, मोबाइल, कोणाला भेटायचं, काम. बाबा खरं बोलणारे गृहस्थ. त्यांनी कामाच्या रकान्यात लिहिलं: 'मासोळीचा फोटो'.

पहारेकऱ्याने वाचलं. बाबांकडे पाहिलं. परत वाचलं. "अंकल, यहाँ हवाई जहाज उड़ाना सिखाते हैं. मछली का विभाग नहीं है."

"हो, पण कॅमेरा..."

"कैमरा?" पहारेकरी उठून उभा राहिला. "आधार कार्ड दिखाइए."

बाबांच्या आधार कार्डावरचा फोटो हा आमच्या तालुक्यातल्या सगळ्याच आधार कार्डांवरच्या फोटोंसारखा आहे, म्हणजे माणसाला नुकतंच विहिरीतून काढलं असावं असा. पहारेकऱ्याने कार्ड जवळ धरलं, लांब धरलं, बाबांच्या गालाशेजारी धरलं. "ये आप हैं?"

बावीस वर्षं खत विकून कमावलेली सगळी इभ्रत बाबांच्या चेहऱ्यावरून घरंगळताना प्रेरणाला दिसली. तिचा तो हात आपोआप वर गेला.

"अंकल, इसीलिए तो अच्छा कैमरा लेने आए हैं!"

पहारेकरी इतका हसला की त्याची टोपी पडली. फाटक उघडलं. बाबा आत गेले, पण प्रेरणाशी पुढची दहा मिनिटं बोलले नाहीत.

विकणारा मुलगा लखनौचा होता, उंच आणि घाईत. कॅमेरा चांदीच्या रंगाचा, साबणाच्या वडीएवढा. चालू केला की पुढची पापणी उघडायची आणि नळीसारखा डोळा बाहेर यायचा. किंमत बाबांच्या मर्यादेच्या आत होती, त्यामुळे बाबांना तो लगेचच सुंदर वाटला. मुलाने प्रेरणाला समजावलं: जवळच्या वस्तूसाठी हे फुलाचं चिन्ह, काचेसमोर फ्लॅश कधी नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, "इसके शीशे को कभी कुछ मत लगाना. उँगली भी नहीं."

प्रेरणाने हे तीनही नियम पाठ केले. चूक एवढीच झाली की ते घरी कोणाला सांगितले नाहीत.

घरी पोचल्यावर ती पाय धुवायला मागे गेली. फार तर दोन मिनिटं. पण आमच्याकडे नवीन वस्तू उंबऱ्याच्या आत आली की तिची पूजा होते. सायकल असो, मिक्सर असो, नाही तर धान काढायचं यंत्र. आईचं ताट तयारच होतं. नारळ फोडायला शालीकराम काका हजर होते. बाबा कौतुकाने सांगत होते, "हे बटण दाबलं की बघ कसा डोळा उघडतो!" आणि आईने, म्हणजे दुर्गेश्वरीबाईंनी, भक्तिभावाने ओलं कुंकू बोटावर घेऊन नव्या वस्तूच्या बरोब्बर कपाळावर टिळा लावला, वर अक्षता चिकटवल्या.

"आई!"

"काय झालं गं ओरडायला? समोरचं तेच कपाळ ना? स्कूटर घेतली तेव्हा नाही का हेडलाइटवर लावलं?"

बाबांनी "बंद करतो, बंद करतो" म्हणून घाईत बटण दाबलं. डोळा आत गेला, पापणीत तांदळाचे दोन दाणे अडकले आणि कॅमेरा 'कर्र' असा ओरडला. मग बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा ओला करून पुसलं. त्यामुळे टिळा गेला आणि कुंकू सगळीकडे झालं.

दाणे प्रेरणाने सुईने काढले. कॅमेरा वाचला. पण त्या संध्याकाळी काढलेल्या प्रत्येक फोटोत, एका बाजूने गुलाबी उजेड पसरत यायचा, आणि त्यातही काचेत बाबा होतेच.

"वा," काका म्हणाले, "सूर्योदय मस्त आला."

प्रेरणाने दातओठ खाल्ले. बुधवार संपला होता.

गुरुवारी सकाळी तिने पाहिलं, तर फेसात खसखशीसारखे ठिपके. अंडी! ठाणेदाराने बायकोला टाकीच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं होतं. ती जवळ आली की धावून जायचा, आणि परत येऊन घराखाली पहारा.

"अंडी घालायला बायको, आणि मग तिलाच हाकलून राहिला?" आईला हे आवडलं नाही.

"आई, या माशांत पिल्लं नरच सांभाळतो. एकटा. खायलासुद्धा जात नाही."

आईने बाबांच्या सोफ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग असू दे."

संध्याकाळी प्रेरणा शाळेतून आली, तर घरात लग्न होतं. म्हणजे तसं वाटलं. काकांच्या सल्ल्यावरून बाबांनी टिकाराम फोटोवाल्याला बोलावलं होतं. टिकारामने पंचक्रोशीतली अर्धी लग्नं काढली आहेत. तो दोन मोठे दिवे, पांढरी छत्री आणि बर्फाचे डोंगर रंगवलेला पडदा घेऊन आला होता.

"नवरदेव कुठे आहे?" त्याने टाकीत डोकावून विचारलं. "हां. जरा मान वर. वर. अरे, हा तर मागेच चालला!"

"दादा, दिवे नको लावू, तो घाबरतो," प्रेरणा म्हणाली.

"ताई, सगळेच घाबरतात. घास भरवताना ठीक होतात. हेमेंद्र भाऊ, टाकी वीतभर पुढे घ्या, मागे पडदा येऊ द्या."

"नको!" प्रेरणा म्हणाली. पण तोवर काकांनी "हं, उचला गा!" असा हुकूम सोडला होता. बाबांनी एक बाजू धरली, टिकारामने दुसरी, काकांनी फक्त हुकूम धरला. टाकी उचलली गेली, पाणी डुचमळलं, एक लाट या काचेवरून त्या काचेवर गेली. आणि वाटीएवढं ते घर, चार दिवसांचं, फुटून पाण्यात विरून गेलं. पांढरे ठिपके हळूहळू वाळूवर उतरायला लागले.

टिकारामने आपली बाजू खाली टेकवली, बाबांनी आपली. 

प्रेरणा ओरडली नाही. ती टाकीसमोर जमिनीवर बसली आणि तिचे डोळे आपोआप भरून आले, हात वर जायचा तसेच. टिकारामने दिवे गुंडाळले. काका चप्पल न घालताच घरी गेले. बर्फाचे डोंगर मागे राहिले.

बाबा तिच्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "टाकी मीच उचलली ना. तू नको म्हणत होतीस."

"आता प्रियाचाच ज्वालामुखी जाईल, बाबा. मी खोटी ठरणार. सगळे म्हणतील, साबणच होता."

  बाबांनी मोबाइल तिच्या हातात दिला, "मॅडमना सांगायचं का फोन करून?" म्हणून. प्रेरणाने तो उघडला, तर सोमवारचे ते एकवीस फोटो वर आले. ती एकेक पुसत गेली. पुसता पुसता एका फोटोवर थांबली.

जिथे काचेत बाबांची पांढरी बनियान पडली होती, तिथे फक्त बनियान होती. पण खाली, जिथे काळी लुंगी होती, तिथे पाणी लख्ख दिसत होतं. वाळूचा कणन् कण दिसत होता. बायको दिसत होती, तिच्या शेपटीसकट.

"बाबा," प्रेरणा सावकाश म्हणाली, "चूक कॅमेऱ्याची नव्हतीच. बनियानीची होती."

"म्हणजे?"

"काळं काचेत दिसत नाही. समोर सगळं काळं पाहिजे. सगळं! तुमच्या दुकानात तो भाजीच्या वाफ्यावर अंथरायचा काळा प्लास्टिकचा कागद आहे ना?"

शुक्रवारी सकाळी सहाला ती उठली, ती आधी टाकीकडे धावली. आणि तिथे जे चाललं होतं ते पाहून तिने तोंडावर हात ठेवला. ठाणेदाराने कोपऱ्यात नवा फेस जमवला होता. लहान, वेडावाकडा, पण फेसच. आणि तो खाली वाळूत जायचा, एक अंडं तोंडात धरायचा, वर यायचा, फेसात हळूच थुंकायचा. परत खाली. परत वर. रात्रभर तेच करत असावा.

"बाबा, उठा! तो एकेक वेचून राहिला!"

आईने कुंकवाचा उरलासुरला डाग मऊ कापडाने पुसला, कोपऱ्यातला एक हट्टी ठिपका सोडून. बाबांनी प्लास्टिकला भोक पाडलं. भोकातून कॅमेऱ्याचा डोळा बाहेर, मागे प्रेरणा, आणि तिच्या मागे दोन्ही हात डोक्यावर ताणून काळा पडदा धरून बाबा. फुलाचं चिन्ह. फ्लॅश नाही.

हे सोपं वाटतं. ठाणेदार एका जागी थांबत नव्हता. दहा फोटो हलले, वीस हलले. सात वाजले, साडेसात. खाली येणारा पडदा बाबा पुन्हा पुन्हा वर ताणत होते. ऐन रोवणीचा शुक्रवार, दुकानासमोर खताला रांग लागलेली, आणि लुंगीच्या गाठीत खोचलेला मोबाइल थरथरून थरथरून दमला.

"बाबा, हात दुखत असतील. खाली घ्या थोडे."

"तू काढ," बाबा म्हणाले. "तो थांबला का?"

कुंपणावरून काकांचं डोकं वर आलं. तोंड उघडलं. मग, इतिहासात पहिल्यांदा, काकांनी ते काही न बोलता मिटलं, आणि आत येऊन पडद्याचं एक टोक धरलं.

आठ वाजता ठाणेदार वर आला, फेसाखाली थांबला, आणि नेमक्या त्याच वेळी बाबांना शिंक आली. पडद्याचं एक टोक सुटलं. प्रेरणाने बटण दाबलं होतं.

सगळे कॅमेऱ्याच्या त्या इवल्याशा पडद्यावर वाकले. ठाणेदाराचा पट्टान् पट्टा दिसत होता. वर फेसाचा बुडबुडा न् बुडबुडा. आणि ठाणेदाराच्या तोंडापासून अर्ध्या बोटावर, पाण्यात, नुकतंच थुंकलेलं एक अंडं. डाव्या कोपऱ्यात थोडा गुलाबी उजेड. आणि उजव्या कोपऱ्यात काचेत, डोळे मिटलेले, तोंड वासलेले, दोन्ही हात वर केलेले, बनियानीतले हेमेंद्र पटले.

"अरे देवा," बाबा म्हणाले. "दुसरा काढ."

पण दुसरा तसा आला नाही. तिसराही नाही. ठाणेदार आपलं काम संपवून शांत उभा राहिला होता.

टिकारामने फोटो मोठा छापून दिला. पैसे घेतले नाहीत, गुरुवारची लाज म्हणून. सवयीने भोवती गुलाबाची वेल टाकायला निघाला होता, ती प्रेरणाने वेळेत थांबवली. तो बाबांना कापून टाकायलाही तयार होता, "दोन मिनिटांचं काम आहे ताई." प्रेरणाने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "नको. राहू द्या."

शनिवारी निर्मला मॅडमनी तो फोटो उजेडात धरला.  प्रियाही मान उंच करून पाहत होती. मॅडमनी फेस पाहिला, मासा पाहिला, अंडं दिसताच चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिलं.

"हे तू पाहिलंस? तो उचलून ठेवताना?"

"हो मॅडम. घर फुटलं होतं त्याचं. रात्रभरात परत बांधलं."

मॅडमनी टेबलावरचा कागद ओढला आणि एकाच नावाच्या त्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता थांबल्या.

"हा गुलाबी डाग कसला गं?"

"कुंकू आहे, मॅडम. आईनं कॅमेऱ्याची पूजा केली."

"आणि हे? इथे कोपऱ्यात, हात वर करून?"

कोणीतरी खुसकन हसलं. आठवीतली प्रेरणा असती तर बाकाखाली गेली असती. नववीतली प्रेरणा उभी राहिली.

"तेपण नरच आहेत, मॅडम," ती म्हणाली. "दोन तास तसेच उभे होते. दुकान बंद ठेवून."